‘जवळ’ : एका शब्दाचा आणि एका रस्त्याचा इतिहास

शब्दांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे विद्वानांची दृष्टी प्रथम मोठ्या शब्दांकडे जाते. धर्म, राज्य, स्वराज्य, संस्कृती यांच्यावर ग्रंथ झाले आहेत आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु ज्यांच्यावाचून आपला एक दिवसही निभत नाही असे लहान शब्द मात्र दुर्लक्षित राहतात. ‘जवळ’ हा अशांपैकी एक. तो इतका आपल्या तोंडी बसला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. आणि विचारला तर ‘जवळ म्हणजे लांब नव्हे ते’ असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. आम्ही येथे या शब्दाचा विचार कोशाच्या पानावर न करता एका रस्त्यावर करणार आहोत. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघून खाडी आणि येऊरचा डोंगर यांच्यामधून घोडबंदरापर्यंत जाणारा, सुमारे वीस किलोमीटरांचा घोडबंदर रोड हा तो रस्ता होय. या एका रस्त्यावर ‘जवळ’ या शब्दाचे अर्थ काळाच्या ओघात किती वेळा पालटले हे पाहिले म्हणजे इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते, असे आम्हांला वाटते.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. व्युत्पत्तिकारांनी ‘जवळ’चे मूळ संस्कृत ‘यमल’ या शब्दात दाखविले आहे. यमल म्हणजे जोडी, जुळे. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे, मधल्या ‘म’चा ‘व’ होणे आणि शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ होणे या तिन्ही गोष्टी मराठीच्या चालीला धरूनच आहेत. यवाचे जव झाले, ग्रामाचे गाव झाले, फलाचे फळ झाले. तसेच यमलाचे जवळ झाले. एका देठाला जोडून आलेल्या दोन फळांना अथवा जुळ्या मुलांना ‘जावळी’ म्हणण्याची रीत अजून आहे, तीही याच घराण्यातली. तेव्हा मराठी मनाने जवळपणाची कल्पना प्रथम केली ती अंतर मोजून केलेली नाही. ती जोडी पाहून केलेली आहे. जवळ असण्याला दोघे लागतात, आणि एक दुसऱ्याला जितका जवळ तितकाच दुसरा पहिल्याला जवळ असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याच भोवती फिरणार आहे.

या शब्दाचे भाऊबंदही पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. ‘पाशी’ हा संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बरगडी या शब्दावरून आला. म्हणून ‘आईपाशी’ म्हटले की कुशीची ऊब त्यात येतेच. ‘लगत’ म्हणजे लागून. मध्ये रिकामी जागा राहिली तर तो शब्द चालत नाही. ‘शेजारी’ या शब्दाला बरोबरी लागते. घराशेजारी घर असते, माणसाशेजारी माणूस असतो. डोंगराशेजारी खडा आहे असे आपण सहसा म्हणत नाही. ‘नजीक’ हा फारशीतील ‘नज्दीक’, तो दप्तरांच्या वाटेने मराठीत आला आणि इतका रुजला की गावांच्या नावांतच जाऊन बसला. नगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातील नजीक बाभुळगाव किंवा जालना जिल्ह्यातील नजीक पांगरी ही गावे त्याची साक्ष आहेत. पैसाअडका असण्यालाही आपण ‘जवळ’च वापरतो. ‘माझ्याजवळ दहा रुपये आहेत’ याचा अर्थ रुपये शेजारी पडले आहेत असा नसून ते माझे आहेत असा आहे. जवळ असणे आणि मालकीचे असणे यांची ही सांगड निरुपद्रवी दिसते खरी. पण राज्यांच्या इतिहासात तिने काय केले ते पुढे येईलच.

आता घोडबंदरकडे वळण्यापूर्वी आणखी एकच शब्द पाहावयाचा आहे, तो ‘समीप’. पाणिनीने एकाच सूत्रात ‘द्वीप’ आणि ‘समीप’ या दोन्ही शब्दांची सिद्धी सांगितली आहे. दोहोंतही ‘अप्’ म्हणजे पाणी हा शब्द दडलेला आहे. ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी ते द्वीप, आणि जे पाण्याला लागून ते समीप. आपल्या संतपरंपरेत सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या जातात. त्यांतील समीपता म्हणताना पाण्याची आठवण कोणाला होत नसेल, पण शब्दाच्या पोटात ते आहे. घोडबंदरच्या भूमीला हे दोन्ही शब्द जसे लागू पडतात तसे क्वचितच दुसरीकडे पडतील. ही भूमी साष्टी बेटावरची, म्हणजे द्वीपावरची. आणि ती उल्हास नदीच्या खाडीच्या काठची, म्हणून समीपही.

जोपर्यंत रस्ता नव्हता तोपर्यंत येथे जवळ आणि लांब ठरवीत असे ते पाणी. पश्चिमेस खाडीच्या मुखापलीकडे सोपारा, पूर्वेस उल्हासच्या काठी कल्याण ही दोन्ही बंदरे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक खलाशांनाही ठाऊक होती. ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात त्यांची नावे आली आहेत. सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या लेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. या दोन बंदरांच्या मध्ये, साष्टीच्या डोंगरात, कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावे वाचली तर कल्याण, सोपारा, चौल अशी नावे भेटतात. आज कल्याणहून कान्हेरीस जाणारा माणूस गाड्या बदलून अर्धा दिवस घालवील आणि ‘फार लांब आहे हो’ असे म्हणेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कल्याणच्या व्यापाऱ्याला मात्र ती लेणी आपल्या अंगणातली वाटत होती. भरतीबरोबर होडी जाई आणि ओहोटीबरोबर परत येई. अंतर तेच होते. जवळपणा निराळा होता.

घोडबंदर या नावातच त्या काळाची खूण आहे. ‘बंदर’ हा फारशी शब्द. आणि अरबी घोडे येथे उतरत म्हणून हे घोड्यांचे बंदर, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिताना एक चमत्कारिक हकीकत दिली आहे. समुद्रावरील चाच्यांशी तेथील राजाचा करार होता, की लुटीतील इतर माल त्यांनी ठेवावा आणि घोडे तेवढे राजाला द्यावेत. यावरून या किनाऱ्याला घोड्याची केवढी भूक होती हे कळते. अरबस्तानचा घोडा समुद्रमार्गाने येथे येई, म्हणून अरबस्तान येथल्या बंदराला जवळचे होते; आणि डोंगरापलीकडचे गाव, वाटेत रान आणि वाघ असल्यामुळे, लांबचे होते. या रस्त्यावरच्या वाघबीळ या गावाचे नाव ती गोष्ट आजही सांगते.

मात्र ज्याला एखादी जागा जवळची वाटते त्याला ती आपली व्हावी असेही वाटू लागते. ‘जवळ’ या शब्दातील मालकीचा अर्थ येथे जागा होतो. १५३४ साली वसईच्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. घोडबंदरचा किल्ला हा त्यांच्याच अमदानीतील. खाडीच्या ज्या अरुंद जागेवरून ठाण्याची आणि वसईची ये-जा डोळ्यांखाली राहते त्या जागी तो उभा आहे. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांनी घेतले, आणि १७३९ साली वसई पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्यावर चाल करून साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. इंग्रजांना साष्टी का हवी होती? ती मुंबईला लागून होती, मुंबईच्या पोटाला लागणारे धान्य तिच्यात पिकत होते आणि परक्याच्या हाती ती राहिली तर मुंबईच्या उशाला शत्रू बसे, म्हणून. साष्टीच्या कुणब्याला आणि कोळ्याला मुंबई जवळची वाटते काय, हे मात्र कोणी विचारले नाही. जोडीतील एकानेच ठरविलेला हा जवळपणा होता, आणि सत्तेच्या भाषेत हा शब्द बहुधा असाच एकतर्फी वापरला जातो.

राज्ये बदलत होती तरी गावकीचा जवळपणा आपल्या ठरलेल्या चालीने चालत होता. त्याची जुनी साक्ष ठाण्यातच आहे. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली ठाण्यात सापडला. त्यात दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत, आणि त्या सांगताना मोजमाप न देता शेजारची गावे, डोंगर आणि ओढे यांची नावे दिली आहेत. म्हणजे गाव कोठे आहे हे त्याचे शेजारी सांगत. आजही जमिनीच्या खरेदीखतात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण असे लिहिले जाते, आणि मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदाराला नोटीस जाते. लगतचा माणूस हा कायद्यालाही साक्षीदार लागतो. हजार वर्षांत लिपी पालटली, राज्ये पालटली. पण शेजाऱ्यावाचून आपली शीव सिद्ध होत नाही हा नियम टिकला.

घोडबंदर रोडवरच्या वस्त्यांची नावे वाचीत गेले तर हाच नियम दुसऱ्या रूपाने दिसतो. मानपाडा, पातलीपाडा, भाईंदरपाडा, काजूपाडा अशी नावे ओळीने येतात. ‘पाडा’ हा संस्कृत ‘पाटक’, म्हणजे गावाचा भाग. पाडा कधी एकटा नसतो. तो कोणत्या तरी गावाचा पाडा असतो. शेत, देव, स्मशान आणि पाणवठा यांनी तो मूळ गावाशी बांधलेला असतो. त्या काळी अंतर मोजीत तेही माणसाच्या देहाने. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’, आणि क्रोश म्हणजे हाक. अजूनही आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो. इंग्रजांबरोबर आलेला ‘मैल’ सुद्धा मुळात रोमन सैनिकाची हजार दुहेरी पावले होता. पण पाऊल आणि हाक यांत एक भेद आहे. पाऊल ज्याचे त्याने टाकावे. हाकेला मात्र ओ देणारा लागतो. म्हणून हाकेने मोजलेल्या जवळपणात मदतीचे आश्वासन आपोआप येते. शेजारधर्म ज्याला म्हणतात तो याहून निराळा नाही.

हे मापन मोडले ते १६ एप्रिल १८५३ रोजी. त्या दिवशी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी २१ मैल तोडून तासाच्या आत ठाण्याला पोहोचली. ठाणे मुंबईपासून किती लांब, या प्रश्नाचे उत्तर तोवर मैलांत किंवा भरतीओहोटीत मिळे; ते आता मिनिटांत मिळू लागले. पुढल्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. लोखंडी रस्ता जेथे गेला ती गावे एकमेकांच्या जवळ आली, आणि जेथे गेला नाही ती जागच्या जागी असून लांब पडली. घोडबंदर त्यांपैकी एक. मध्य रेल्वे डोंगराच्या पूर्वेने कल्याणकडे गेली, पश्चिम रेल्वे भाईंदरवरून वसईकडे गेली. मधले बंदर, ज्याच्याकडे एके काळी राज्ये डोळे लावून बसत, ते मागे राहिले. नागला बंदर आणि गायमुख येथून होड्या जात राहिल्या, रेती आणि गवत वाहून नेले गेले. परंतु शहराच्या बोलण्यात घोडबंदर ‘तिकडे लांब’ झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाक पुन्हा फिरले. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, कारखान्यांमागून इमारती आल्या, आणि मुंबई-आग्रा व मुंबई-अहमदाबाद या दोन महामार्गांना जोडणारा हा रस्ता शहराचा कणा बनला. ज्या पाड्यांची नावे तालुक्याबाहेर कोणी ऐकली नव्हती ती बसच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत झळकू लागली. येथून ‘जवळ’ या शब्दाला एक नवा अर्थ प्राप्त झाला. स्टेशनजवळ, शाळेजवळ, महामार्गाजवळ, मेट्रोच्या नियोजित स्थानकाजवळ. आणि या सर्वांना लागून ‘अमुक मिनिटांत’. आम्ही ही मिनिटे खोटी म्हणत नाही. ती पहाटे चार वाजताची असावीत. सायंकाळी सात वाजता, उरणकडच्या बंदरातून गुजरातेकडे निघालेल्या अवजड गाड्यांच्या रांगेत गायमुखच्या चढावर उभे राहिलेल्या मनुष्यास विचारावे, घर किती जवळ आहे. मराठीत ‘जवळ’ची द्विरुक्ती केली की अर्थ एक पायरी उतरतो, जवळजवळ शंभर म्हणजे शंभर नव्हेत. अनेक जाहिरातींत ‘स्टेशनजवळ’ऐवजी ‘स्टेशनजवळजवळ’ असे छापले तर भाषेची आणि सत्याची दोघांचीही सोय होईल.

हा झाला विनोदाचा भाग. परंतु याच रस्त्यावर जवळपणाचे काही प्रश्न विनोदाने सुटणारे नाहीत. पहिला पाण्याचा. ही वस्ती खाडीला इतकी समीप की खिडकीतून पाणी दिसते. पण ते खारे. प्यावयाचे गोडे पाणी त्याच उल्हास नदीचे, मात्र वर शहाडजवळ उचलून नळांनी आणावे लागते, आणि ते अपुरे पडले की टँकर दारात उभा राहतो. दुसरा प्रश्न डोंगराचा. ठाणे आणि बोरिवली यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचा डोंगराळ प्रदेश आडवा आहे. पाखराला जे अंतर सरळ, ते माणसाला सबंध डोंगराला वळसा घालून घोडबंदरवरून काटावे लागते. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण जणू याच वाटेसाठी झाली असावी. आता उद्यानाच्या पोटातून ११.८ किलोमीटरांचा जोडबोगद्याचा मार्ग होत आहे. त्याच्या कामाची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. त्याने बारा किलोमीटरांचा फेरा आणि सुमारे तासभर वेळ वाचेल असे शासनाचे म्हणणे आहे. पुन्हा एकदा लांबचे जवळ येणार आहे, आणि ते यावे. रोज तीन-चार तास रस्त्यावर घालविणाऱ्या नोकरदाराला त्या तासाचे मोल काय आहे हे घरात वाट पाहणाऱ्या मुलाला विचारावे.

तथापि इतिहास एवढे शिकवितो की लांबचे जवळ येते तेव्हा जवळचे काही तरी लांब जाते. आगगाडीने मुंबई जवळ आणली तेव्हा बंदर दूर गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन महानगरे जवळ आली. पण रस्त्याच्या एका कडेचा पाडा आणि दुसऱ्या कडेचे गाव, जी हाकेच्या अंतरावर होती, त्यांच्यामध्ये वाहनांची नदी आली. पूर्वीच्या नदीला तर होती, तारू होते. ही नदी ओलांडावयाची तर पूल शोधीत जावे लागते. पलीकडच्या म्हातारीची हाक अलीकडे ऐकू येत नाही. डोंगराच्या बाबतीतही तेच. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून घरे विकली जातात. सान्निध्य हा शब्द साधा नाही. महानुभावांच्या परंपरेत ‘सन्निधान’ म्हणजे प्रत्यक्ष ईश्वराजवळ असणे, आणि त्या सन्निधानात वागण्याचे नियम होते. डोंगराच्या सान्निध्यात राहणाऱ्यानेही काही नियम पाळावयास हवेत की नाही? येऊरच्या पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वारली हे नियम जाणून होता. बिबट्या आपला शेजारी आहे, हे धरून तो आपली वाट आणि आपली वेळ ठरवीत आला. सज्ज्यातून डोंगर पाहणाऱ्याला मात्र बिबट्या दिसला की तो ‘वस्तीजवळ आला’ असे वाटते. वस्ती बिबट्याजवळ गेली, असे वाक्य आपण करीत नाही. यमलातील दुसऱ्याची बाजू आपल्या व्याकरणातून निसटते ती अशी. आणि सर्वांत शोचनीय गोष्ट ही, की शहराला हा डोंगर जितका जवळ वाटतो, तितकेच शहराचे दवाखाने आणि शाळा डोंगरातल्या पाड्यांना जवळ वाटतात असे म्हणण्याची सोय नाही.

याचा अर्थ रस्ते करू नयेत, बोगदे खणू नयेत असा कोणी काढू नये. मनुष्याने होडी केली ती जवळ येण्यासाठीच केली. आमचे म्हणणे एवढेच आहे, की कोणताही नवा मार्ग आखताना ‘यामुळे काय जवळ येईल?’ या प्रश्नाबरोबर ‘यामुळे कोण लांब जाईल?’ हा प्रश्नही विचारला जावा. पहिल्याचे उत्तर नकाशावर मिळते, कारण तेथे किलोमीटर आणि मिनिटे आहेत. दुसऱ्याचे उत्तर शिवेवरच्या माणसाला, लगतच्या खातेदाराला, पलीकडच्या पाड्याला विचारूनच मिळावयाचे. आमच्या पूर्वजांनी जमिनीचे दान देतानादेखील चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे पत्र्यावर कोरून ठेविली. आज आपण त्याहून फार मोठे व्यवहार करीत आहोत.

शब्द जुने झाले म्हणजे त्यांच्यातील मूळ अर्थ झिजतो, हे भाषेचे शास्त्र सांगते. पण झिजलेला अर्थ कधी कधी समाजाने हेतुपूर्वक परत उजळून घ्यावा लागतो. ‘जवळ’ या शब्दात दोघे आहेत. घोडबंदर रोडच्या दुतर्फा आज लाखो माणसे एकमेकांच्या इतकी जवळ राहत आहेत की या भूमीच्या ज्ञात इतिहासात तेवढी कधीही राहिली नव्हती. भिंतीला भिंत लागली आहे, म्हणजे ती लगत आहेत. दारासमोर दार आहे, म्हणजे ती नजीक आहेत. ती एकमेकांना जवळ आहेत किंवा कसे, हे मात्र त्यांपैकी एकाने हाक मारली म्हणजेच कळेल.